कॅमेरा ऑनलाइन मागवायचा की दुकानातून घ्यायचा? लग्नसराईआधी फोटोग्राफर पोरांनी मांडायचा हिशेब

बीड (विशेष विश्लेषण) : तुळशीचं लग्न उरकलं की लग्नाच्या तिथी निघतात, आणि तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत एक वाक्य रोज ऐकू येतं. ‘ऑनलाइनला तर एवढ्यालाच आहे.’ पोरगा मोबाइलवर किंमत दाखवतो, दुकानदार चष्मा वर सरकवून बघतो आणि गप्प होतो. फरक कधी हजार-दोन हजारांचा असतो, कधी त्याहून जास्त. पोरगा कॅमेरा हातात घेऊन बघतो, लेन्स फिरवतो, दोन-चार प्रश्न विचारतो आणि ‘सांगतो’ म्हणून निघून जातो. चार दिवसांनी पार्सल येतं.

यात चूक कोणाची, हा प्रश्न नाही. घामाचे दोन पैसे वाचत असतील तर कोणीही वाचवणारच. पण हा दोन पैशांचा फरक नेमका कशाचा आहे, तो वाचवल्यावर हातातून काय जातं आणि दुकानदार कुठे कमी पडतो, याचा हिशेब आपल्याकडे कोणी मांडत नाही. तो मांडायचा हा प्रयत्न.

आता कॅमेरा घेतो कोण?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. हौसेसाठी कॅमेरा घेणारे आता फार थोडे राहिले. यात्रेतला फोटो, लेकराचा फोटो, ई-पीक पाहणीचा फोटो, पाण्यात बुडालेल्या सोयाबीनचा फोटो, सगळं मोबाइलवर होतं. त्यामुळे आज जो पन्नास-साठ हजारांचा कॅमेरा घेतो, तो पोटासाठी घेतो. लग्न, साखरपुडा, बारसं, शाळेचं गॅदरिंग, पुढाऱ्याचा वाढदिवस, हीच त्याची कमाई.

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या भागात अशी पोरं गावोगाव दिसतील. दहावी-बारावी झालेली, कोरडवाहू शेतीत भागत नाही म्हणून या धंद्यात आलेली. काहींचे आई-बाप अजून कोयता घेऊन कारखान्याला जातात. अशा घरात साठ हजारांची चूक झाली तर ती भरून काढायला वर्ष जातं. म्हणून ही खरेदी मोबाइलच्या कव्हरसारखी बोट दाबून करायची नाही.

सेल आणि जीएसटीचा गैरसमज

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. लगेच दुसऱ्या दिवशी दोन्ही मोठ्या ऑनलाइन कंपन्यांचे सणाचे सेल सुरू झाले. त्याच आठवड्यात आपल्याकडे अतिवृष्टीने रानं वाहून जात होती, आणि मोबाइलवर मात्र ‘जीएसटी कमी, किमती कमी’ अशा जाहिराती चालू होत्या.

यात कॅमेऱ्याबाबत मोठा गैरसमज झाला. एसीवरचा आणि बत्तीस इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे खरं. पण डिजिटल कॅमेऱ्यावरचा कर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के होता, आणि आताही तेवढाच आहे. म्हणजे सेलमध्ये कॅमेरा स्वस्त दिसला असेल तर तो कंपनीच्या, विक्रेत्याच्या किंवा बँकेच्या सवलतीमुळे. कर कमी झाल्यामुळे नाही. उद्या कोणी दुकानदार किंवा जाहिरात ‘जीएसटी घटला म्हणून कॅमेरा स्वस्त’ म्हणाली तर हे लक्षात ठेवा.

ऑनलाइनला परवडतं कसं?

ऑनलाइनचा विक्रेता एका गोदामातून देशभर माल पाठवतो. त्याला सुभाष रोडवर गाळा लागत नाही, काचेचं कपाट लागत नाही, दिवसभर माल दाखवणारा पोरगा लागत नाही. तो घाऊक घेतो, म्हणून त्याला भाव कमी बसतो. त्यावर बँकेची कार्ड सवलत असते. आपल्या गावात क्रेडिट कार्ड किती जणांकडे आहे? मग पुण्यातल्या भावाचं कार्ड वापरायचं. अनेकदा बिलही त्याच्याच नावावर निघतं, आणि पुढे वॉरंटी किंवा तक्रारीची वेळ आली की भावाला सुट्टी काढून फोन करत बसावं लागतं.

दुकानदारांची तक्रार अशी आहे की, ही स्पर्धा सरळ नाही. कायद्याने परदेशी पैशावर चालणाऱ्या ऑनलाइन कंपनीला स्वतःचा माल ठेवून थेट ग्राहकाला विकता येत नाही. तिने फक्त बाजार भरवायचा आणि इतरांनी विकायचं. २०१८ च्या शेवटी निघालेला आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेला नियम सांगतो की, या कंपन्यांनी विक्रीच्या किमतीवर प्रभाव टाकायचा नाही. तरी ठराविक विक्रेत्यांना झुकतं माप मिळतं आणि मोबाइलवर तोट्यातल्या सवलती दिल्या जातात, अशा तक्रारी झाल्या. त्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अॅमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला. कंपन्यांनी आरोप नाकारले आहेत. चौकशीचं काय व्हायचं ते होवो, पण तोवर तालुक्याच्या दुकानदाराला त्याच भावाशी टक्कर द्यायची आहे.

दुकानात काय शिल्लक आहे?

आपल्या जिल्ह्यात फक्त कॅमेरे विकणारं मोठं दुकान हाताच्या बोटांवर मोजावं लागेल. बहुतेक ठिकाणी स्टुडिओ, कलर लॅब आणि कॅमेऱ्याचं सामान एकाच गाळ्यात चालतं. बॅटरी, मेमरी कार्ड, फ्लॅश, ट्रिगर, स्टँड आणि एखाद-दुसरी बॉडी, एवढाच माल. मोठी खरेदी असली की पोरं छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठतात.

या दुकानदारांनी धंद्याची तीन युगं बघितली. छत्तीस फोटोंचा रोल असायचा, तेव्हा एकेक क्लिक मोजून करावी लागायची. मग कलर लॅब आल्या. गावोगाव ज्या कोनिकाच्या पाट्या दिसायच्या, त्या कंपनीने २००६ मध्ये फोटोच्या धंद्यातून अंग काढून घेतलं. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. रोल गेला, प्रिंट कमी झाल्या, मोबाइल आला. तरी तालुक्याचा स्टुडिओवाला पासपोर्ट फोटो, करिझ्मा अल्बम आणि लग्नाच्या ऑर्डरींवर टिकून राहिला.

त्याच्याकडे कपाटातल्या मालाखेरीज अजून एक भांडवल आहे. कोणता फ्लॅश कोणत्या बॉडीवर चालतो, मंडपात रात्री अंधारात कोणती लेन्स लागते, वऱ्हाड नाचत असताना कॅमेरा बंद पडला तर काय करायचं, हे त्याला ठाऊक असतं. हे ज्ञान आपण त्याच्याकडून फुकट घेतो आणि माल दुसरीकडून. असं किती दिवस चालेल? एक दिवस तो कपाट विकून झेरॉक्स मशीन टाकेल, आणि मग विचारायलाही कोणी उरणार नाही.

हप्ता महिन्याला, धंदा हंगामाला

माझ्या मते खरा फरक किमतीपेक्षा पैसे फेडण्याच्या पद्धतीत आहे, आणि यावर कोणी बोलत नाही.

समजा कॅमेरा ५९ हजारांचा आहे. बारा महिन्यांच्या हप्त्यावर घेतला तर महिन्याला साधारण ४,९०० रुपये. ऐकायला सोपं. पण आपल्याकडे आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी, असे चार महिने लग्नं जवळपास बंद असतात. हल्ली काढीव मुहूर्तावर एखादं लागतं, तेवढंच. या चार महिन्यांतल्या हप्त्यांचे जवळपास वीस हजार रुपये आणायचे कुठून? त्याच दिवसांत खत, फवारणी, खुरपणी आणि शाळेची फी असते. हप्ता चुकला की दंड लागतो, बँकेचा बाउन्स चार्ज लागतो आणि सिबिल खराब होतं. पुढे बँकेत कुठल्याही कर्जाला गेलं की आधी तेच बघतात.

दुकानदाराची उधारी वेगळी चालते. ओळखीचा फोटोग्राफर असेल तर निम्मे रोख आणि बाकीचे लग्नसराईत, असं अनेक ठिकाणी चालतं. कारण दुकानदारालाही माहीत असतं की कापूस विकल्याशिवाय आणि ऊसतोडीची माणसं गावी परतल्याशिवाय लग्नघरातून पैसा निघत नाही. उधारी आपल्या पंचांगावर चालते, हप्ता बँकेच्या तारखेवर.

पण उधारीलाही गोड समजू नका. काही ठिकाणी उधारीच्या बदल्यात किंमत वाढवून लावतात. काही ठिकाणी सगळे अल्बम त्यांच्याच लॅबला द्यावे लागतात, मग दर परवडो न परवडो. हिशेब तोंडी राहतो. उचल घेऊन कारखान्याला जाणाऱ्या घरातल्या पोराला हे वेगळं सांगायला नको. ज्याच्याकडून पैसा घेतला त्याच्याशी हंगामभर बांधले जातो. म्हणून उधारी घ्या, पण वहीत नाही तर कागदावर, तारीख आणि रक्कम लिहून, दोघांच्या सह्यांनी.

‘नो कॉस्ट ईएमआय’चंही तसंच. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, ते व्याज प्रोसेसिंग फीसारख्या दुसऱ्या नावाने वसूल होतं, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. आजही क्रेडिट कार्डाच्या अशा हप्त्यात प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच खिशातून जातो. बटण दाबायच्या आधी एकूण किती पैसे जाणार ते बघा.

तिसरा रस्ता आहे मुद्रा कर्जाचा. शिशू गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तेही तारण न ठेवता. पण बँक डीलरचं कोटेशन मागते. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट घेऊन गेलात तर मॅनेजर परत पाठवतो. इथे जीएसटी नंबर असलेलं दुकानच कामाला येतं.

‘बिल नको, स्वस्तात देतो’

आता दुकानदारांनाही ऐकवायला पाहिजे. ऑनलाइनच्या भावाशी बरोबरी करताना काही जण एक सोपा मार्ग काढतात. पक्कं बिल नको, जीएसटी वाचतो. हिशेब बघा. ५९ हजारांच्या कॅमेऱ्यात मूळ किंमत ५० हजार आणि कर ९ हजार. बिल टाळलं की दोघांना वाटतं नऊ हजार सुटले. प्रत्यक्षात वॉरंटी सुटते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पहिला कागद लागतो तो बिलाचा. बाहेरच्या देशातून आडमार्गाने आलेला माल तर दिसायला तसाच असतो, पण भारतातली वॉरंटी त्याला मिळत नाही. कॅमेरा चोरीला गेला तर पोलीस ठाण्यात आणि विम्याला सीरियल नंबर असलेलं बिलच दाखवावं लागतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, बिलाशिवायचा स्वस्त कॅमेरा सगळ्यात महाग पडतो. मग तो संभाजीनगरचा असो, मुंबईचा असो की तालुक्याचा.

बिल हातात पडलं की तीन गोष्टी तपासा. पहिली, दुकानाचा जीएसटी नंबर. तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या वेबसाइटवर तो टाकला की दुकानाचं नाव दिसतं. दुसरी, बॉडीचा आणि लेन्सचा सीरियल नंबर बिलावर आहे का आणि तो वस्तूवरच्या नंबरशी जुळतो का. तिसरी, बिल तुमच्याच नावावर आहे का. ऑनलाइन घेतलं तरी हेच तपासायचं.

पार्सलची गंमत

माझंच सांगतो. दोन वर्षांपूर्वी कॅमेऱ्याची बॅटरी घ्यायची होती. तालुक्यातल्या स्टुडिओवाल्याला भाव विचारला आणि घरी येऊन ऑनलाइन मागवली. पाचशे रुपये वाचले. पार्सल आलं तेव्हा कापसाची वेचणी चालू होती, मजूर रानात होते, म्हणून ते तसंच फडताळात ठेवलं. नवव्या दिवशी उघडलं. बॅटरी बसली, पण कॅमेरा तिला घेईना. परत करायची मुदत सात दिवसांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रमाचे फोटो पाठवायचे होते. शेवटी त्याच स्टुडिओवाल्याकडे गेलो. त्याने स्वतःच्या कॅमेऱ्यातली बॅटरी काढून दिली, पैसे घेतले नाहीत. मी ऑनलाइन मागवली होती हे त्याला कळलं असणार, पण तो काही बोलला नाही. ते पाचशे रुपये मला अजून टोचतात.

यात ऑनलाइनवाल्याचा जेवढा दोष, तेवढा माझाही. पार्सल घेताना डबा फाटलेला असेल तर घेऊ नका. ओटीपी देण्याआधी वस्तू उघडून दाखवायची सोय असेल तर ती घ्या. डबा उघडताना दुसऱ्याला मोबाइलवर सलग व्हिडिओ काढायला सांगा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून सीरियल नंबरपर्यंत. त्याच दिवशी वस्तू चालवून बघा. मेमरी कार्ड तर हमखास तपासा. नकली कार्डावर मोठा आकडा छापलेला असतो, पण आत जागा थोडीच असते, आणि निम्म्या लग्नानंतर फोटो सेव्ह होणं बंद होतं. नवीन कार्ड पूर्ण भरून, फोटो उघडून बघितल्याशिवाय ऑर्डरला नेऊ नका.

जुना कॅमेरा घेताना

बजेट कमी असलं की पोरं जुन्या मालाकडे वळतात. सुरुवातीच्या श्रेणीतल्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाख क्लिकच्या अंदाजाने बनवलेलं असतं. एका लग्नात अडीच हजार क्लिक धरल्या तरी चाळीस लग्नांत शटर म्हातारं होतं. म्हणून वरून चकचकीत बॉडी बघण्याआधी शटर काउंट विचारा. जुनी वस्तू समोरासमोर, शक्यतो ओळखीच्या स्टुडिओत बसून घ्या. ‘मी फौजेत आहे, बदली झाली, आधी थोडे पैसे टाका’ असा फोन आला तर तो फसवणुकीचाच समजा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

ड्रोनबाबत तर जास्तच सावध राहा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. त्यामुळे कोणी नवाकोरा परदेशी ड्रोन देऊ केला तर तो आला कुठून, हे आधी विचारा. २५० ग्रॅमपेक्षा जास्त वजनाच्या ड्रोनची नोंदणी लागते, आणि पैसे घेऊन शूटिंग करायचं तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. रात्रीच्या ड्रोनच्या चर्चेने मध्यंतरी आपल्याकडे गावंच्या गावं जागी होती. अशा वेळी बिल आणि नोंदणी नसलेला ड्रोन उडवणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं आहे.

फसलो तर कुठे जायचं?

बऱ्याच जणांना वाटतं, कंपनी बेंगळुरूची, आपण बीडचे, भांडणार कसं? तसं नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाला तो राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे बीडच्या ग्राहक आयोगातच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. मुदत दोन वर्षांची.

कॅमेरा धंद्यासाठी घेतला, म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं समोरचा म्हणू शकतो. पण स्वयंरोजगार करून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने यातून वगळली आहे. एकटा फोटोग्राफर ग्राहकच ठरतो.

आयोगात जाण्याआधी दोन पायऱ्या करा. ऑनलाइन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निकाल द्यायचा असा नियम आहे. त्याने काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. हेल्पलाइन आणि आयोग दुकानदाराविरुद्धही चालतात. पण दोन्हीकडे पहिला कागद एकच लागतो, बिल.

मग घ्यायचं कुठून?

ज्या वस्तूला समोर बघायची, जुळवायची किंवा अडचणीच्या दिवशी बदलायची गरज पडते, ती दुकानातून घ्यावी. बॉडी, लेन्स, फ्लॅश, बॅटरी यात आल्या. बॅग, स्टँड, लेन्स पुसायचं कापड, वायर असल्या वस्तू ऑनलाइन मागवायला हरकत नाही. आणि दुकानात भाव फारच जास्त सांगितला तर तोंडावर विचारा की, हे जास्तीचे पैसे कशाचे? पक्कं बिल, एक महिना बदलून द्यायची हमी, आणि सर्व्हिस सेंटरला पाठवायची वेळ आली तर तोवर वापरायला दुसरी बॉडी, एवढं तो लिहून देत असेल तर दोन-तीन हजार जास्त देणं तोट्याचं नाही. मे महिन्यातल्या दाट तिथीला एक ऑर्डर बुडाली तर त्याहून जास्त जातात, वर नाव जातं ते वेगळं.

दुकानदारांनीही आता कपाटात माल लावून गिऱ्हाईकाची वाट बघत बसू नये. ओळखीवर जे देता तेच पावतीवर लिहून द्या. भावात तुम्ही गोदामाला हरवू शकणार नाही. पण रात्री अकराला वरातीतून फोन आला तर बॅटरी घेऊन निघणारा माणूस गोदामात नसतो. तो तालुक्यालाच असतो, आणि त्याचा गाळा चालू राहिला तरच तो असतो.